वेताळाचा सातबारा

कॉमिकमधल्या नायकावर सिनेमा काढायचा, तर आधी त्याचे हक्क घ्यावे लागतात. ते कोणाकडून घ्यायचे, किती वर्षांसाठी, कशाकशाचे, आणि सिनेमा झालाच नाही तर ते कोणाकडे परत जातात, हे ठरवणारे कागद लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी पुण्यात वकिली करते. कायद्याचं शिक्षण रीतसर कॉलेजात झालं; पण हक्काचा कागद वाचायचा कसा, हे मी शिकले शिरूरच्या तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखालच्या एका टेबलाशी. ते टेबल तात्यांचं. तात्या दस्तलेखक होते. आणि मुखवटेवाल्या नायकांचं वेड मला लावलं ते दौंडच्या माझ्या मामांनी, ज्यांनी स्वतः आयुष्यात एकही कॉमिक वाचलं नाही. दोघंही आता नाहीत. त्यांची आडनावं इथे लिहीत नाही. घरच्यांना ते आवडायचं नाही, आणि दोन्ही गावांतल्या जुन्या माणसांना ती सांगायची गरजही पडणार नाही.

मामा रेल्वेत होते, गाड्यांच्या तपासणीवर. लांब दांड्याच्या हातोडीने डब्यांची चाकं ठोकत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि आवाजावरून चाक धड आहे की त्याला तडा गेलाय हे ओळखायचं, हे त्यांचं काम. दौंड मोठं जंक्शन. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी लाइन आणि मनमाडची लाइन इथे मिळतात. मनमाडची लाइन १८७८ सालची. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन त्या काळी इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, त्यामुळे गाडी बराच वेळ उभी असायची. उतारू खाली उतरून चहा घेत, पुस्तकांच्या स्टॉलवर अंक चाळत. त्याच स्टॉलवरून मामा माझ्यासाठी इंद्रजाल कॉमिक्स घ्यायचे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने १९६४ साली हे कॉमिक सुरू केलं आणि पुढे ते मराठीतही येऊ लागलं. वेताळ, जादूगार मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा अस्सल देशी बहादूर. मामा दोन-तीन अंक साठले की सुतळीने बांधायचे आणि शिरूरकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. पाटस, चौफुला, मग पारगावला भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून गाडी शिरूरला पोचायची. स्टँडवर कंडक्टर माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारायचा. मामांनी त्या गठ्ठ्यात कधी चिठ्ठी घातली नाही. मामी एकदा सांगत होत्या, की घरात महिन्याच्या शेवटी ओढाताण असली तरी ‘पोरीचे अंक’ हा खर्च मामा आधी बाजूला काढायचे.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून. आई घरात शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांची वर्दळ असायची, म्हणून शाळा सुटली की मी कचेरीच्या आवारात येऊन वडिलांची वाट बघत बसायची. बसायला सावली एकच, तात्यांच्या टेबलाजवळची. टेबलावर लोखंडी पेटी, स्टँपपेपरची चवड, कार्बन, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि अंगठा पुसायला जुन्या धोतराची चिंधी. तात्यांनी मला कधी हटकलं नाही. एक दिवस माझी वही उघडून अक्षर बघितलं आणि म्हणाले, "पोरी, चतुःसीमा लिहिशील का? मी सांगतो, तू लिही." पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. मला ते फार आवडलं. कागदावर चार ओळी लिहिल्या की जमिनीला कडा यायच्या.

हळूहळू मला तात्यांच्या धंद्यातले कागद कळू लागले. इसारपावती म्हणजे सौदा ठरला, थोडे पैसे पोचले, बाकीचे मुदतीत द्यायचे. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. खरेदीखत म्हणजे विषय संपला. हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीने भावाला लिहून दिलेलं, आणि तात्यांचा चेहरा सगळ्यात जास्त ज्या कागदाला उतरायचा तो हाच. मुदत खरेदी म्हणजे वरून विक्री, आतून कर्ज. मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, नाहीतर गेली.

तात्यांची एक रीत होती. दस्त लिहून झाला की सही करणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा सरळ. मग दुसऱ्यांदा, ओळीओळीला थांबून. प्रत्येक ओळीनंतर विचारायचे, "काय समजलं?" समोरच्याने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढची ओळ नाही. एका दस्ताला दुपार जायची. शेजारचे दस्तलेखक तेवढ्या वेळात तीन उरकायचे.

एकदा न्हावऱ्याकडचा एक शेतकरी मुदत खरेदीसाठी आला. मुलीचं लग्न तोंडावर होतं. पैसे देणारा माणूस सोबतच होता, चांगला इस्त्रीचा नेहरू शर्ट घातलेला. दुसऱ्या वाचनात मुदतीची ओळ आली. तात्यांनी विचारलं, "काय समजलं?" शेतकरी म्हणाला, "पैसं दिलं की रान माघारी." तात्या म्हणाले, "कधीपर्यंत?" तो गप्प. देणारा म्हणाला, "तात्या, आमचं आपसात ठरलंय, लिहायची गरज नाही." तात्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद पेटीत ठेवला. मुदतीचा दिवस, महिना, साल लिहून झाल्यावरच टोपण पुन्हा निघालं. तो शेतकरी गेल्यावर मला म्हणाले, "अडलेला माणूस मुदत विचारत नाही. म्हणून ती लिहिणाऱ्यानं विचारायची."

मी टेबलाशी बसून कॉमिक वाचायची ते तात्या बघत होते. वेताळाचा एक अंक होता. त्यांनी तो हातात घेतला, चित्रं निरखून बघितली. कवटीची अंगठी, घट्ट पोशाख, डोळ्यांवरचा मुखवटा. मग पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत छापलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी अडखळत वाचलं, किंग फीचर्स सिंडिकेट. ते काय असतं हे मलाही सांगता येईना. वडिलांना विचारलं, ते म्हणाले कंपनीचं नाव असेल. तात्या थोडा वेळ अंक हातात धरून बसले आणि म्हणाले, "म्हणजे वेताळ कंपनीच्या खात्यावर आहे. ज्यानं लिहिला त्याचं नाव कुठल्या रकान्यात?"

याचं उत्तर मला कित्येक वर्षांनी मिळालं. वेताळ लिहिणारे ली फॉक. १९३४ साली त्यांनी मांड्रेक आणला आणि १९३६ साली वेताळ, आणि १९९९ साली मरेपर्यंत ते दोघांच्या गोष्टी लिहीत राहिले. मालकी मात्र सिंडिकेटची. १९९६ साली पॅरामाउंटने वेताळावर इंग्रजी सिनेमा काढला, तो सिंडिकेटच्या नायकावर. तात्यांनी शिरूरमध्ये, सातबाराच्या रकान्यांच्या सवयीने, मुळावरच बोट ठेवलं होतं.

बारावीनंतर कायद्याला जायचं मी ठरवलं तेव्हा घरात पैसे नव्हते. मामांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली. आईला हे मागाहून कळलं. मी नोकरीला लागल्यावर पैसे परत न्यायला लागले, तेव्हा मामा म्हणाले, "मी तुला उसने दिलेत का? कागद दाखव." कागद नव्हताच. हे ऋण मी कोणत्याही खात्यावर चढवू शकलेली नाही.

वकिलीत शिरले तेव्हा आपल्या कॉपीराइट कायद्यात नुकतीच महत्त्वाची दुरुस्ती झाली होती. कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यातलं एकोणिसावं कलम भरीव झालं. हक्क दिल्याचा कागद लेखी हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला, हे लिहायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही, आणि कागदात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क आपोआप मालकाकडे परत. मी ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कडुनिंबाखालचं टेबलच आठवलं. संसदेने न लिहिलेली मुदत लिहून टाकली होती.

सिनेमाच्या हक्कांचा व्यवहार आणि जमिनीचा व्यवहार यांची जातकुळी एकच आहे. निर्माता लेखकाला आधी थोडे पैसे देतो आणि ठरावीक मुदतीसाठी पुस्तक अडवून ठेवतो. धंद्यात याला ऑप्शन म्हणतात; तो इसारच. मुदतीत पैसे उभे राहिले, नट मिळाला, तर उरलेली रक्कम देऊन पक्का करार. नाहीतर इसार लेखकाचा आणि पुस्तकही लेखकाचं. एकाच नायकाचे हक्क तोडून तोडून विकता येतात: सिनेमाचे वेगळे, मालिकेचे वेगळे, खेळण्यांचे वेगळे. जसं रान एकाचं, विहिरीत हिस्सा दुसऱ्याचा आणि बांधावरची झाडं तिसऱ्याची.

२००२ साली ‘स्पायडर-मॅन’ आला. पुण्यात पोरांच्या अंगात लाल-निळे शर्ट आले, शिरूरच्या बाजारातही आले. तात्या तेव्हा थकले होते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, टेबल मुलाकडे दिलेलं. मी भेटायला गेले की त्यांना माझ्या धंद्यातल्या हकिकती हव्या असायच्या. त्यांना मी या कोळ्याच्या पोशाखातल्या पोराचा फेरफार सांगितला. १९८५ साली कॅनन नावाच्या सिनेमा कंपनीने सव्वादोन लाख डॉलरना पाच वर्षांसाठी त्याच्या सिनेमाचे हक्क घेतले. मुदत वाढवून घेतली. कॅननचा मालक गोलान दुसऱ्या कंपनीत गेला, हक्क बरोबर घेऊन गेला. मग मालिकेचे हक्क एकाला, व्हिडिओचे दुसऱ्याला, पडद्यावरच्या सिनेमाचे तिसऱ्याला. सगळे कोर्टात. त्यातल्या काही कंपन्या एकेक करून बुडाल्या. खुद्द मार्व्हल, म्हणजे मूळ मालक, १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. १९९९ साली गुंता सुटला आणि हक्क सोनीकडे आले. त्या एका सिनेमाने जगभर ८० कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

तात्या डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "सतरा वर्षं रान पडीक. मूळ मालकानं अडचणीत तुकडे पाडून विकलं, दुसरं काय." हे त्यांनी मार्व्हलविषयी एका वाक्यात सांगितलं, आणि त्यावर मोठमोठी पुस्तकं लिहिली गेली आहेत. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे, हल्कच्या स्वतंत्र सिनेमाच्या वितरणाचा हक्क पुढे कितीतरी वर्षं युनिव्हर्सलकडे. जे नायक कोणाकडे अडकले नव्हते किंवा मुदत संपून परत आले होते ते मार्व्हलच्या हातात उरले, त्यांतल्या आयर्न मॅनवर २००८ साली कंपनीने स्वतः सिनेमा काढला, आणि पुढच्याच वर्षी डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून सगळी कंपनी घेतली. हे ऐकायला तात्या नव्हते.

पण फँटास्टिक फोरची हकिकत मी त्यांना सांगू शकले. एका जर्मन निर्मात्याने १९८६ साली त्यांच्या सिनेमाचे हक्क घेतले होते. १९९२ संपायच्या आत चित्रीकरण सुरू केलं नाही तर हक्क परत जाणार होते. मोठ्या सिनेमाचे पैसे जमले नाहीत. म्हणून वर्ष संपता संपता स्वस्तात काम करणाऱ्या रॉजर कॉर्मनला गाठून, जेमतेम दहा लाख डॉलरात, सिनेमा सुरू केला. पूर्णही केला. तो आजतागायत रीतसर प्रदर्शित झालेला नाही. काम करणाऱ्या नटांनी स्वतःच्या खर्चाने जाहिरात केली होती. मी विचारलं, "तात्या, असं कोणी का करेल?" ते लगेच म्हणाले, "पीकपाण्याला नोंद लागावी म्हणून पेरलं." आमच्याकडे कूळकायद्याच्या काळात लोकांनी हेच केलं होतं, कसणारा कोण हे दाखवण्यासाठी पेरायचं, पिकाची आशा नसली तरी. नटांचं ऐकून मात्र ते हळहळले. "रोजगारावर आलेल्यांना कुणी सांगितलं नसणार, की ही नुसती नोंदीची पेरणी आहे."

सुपरमॅनचं मी शेवटी सांगितलं. क्लीव्हलँडची दोन पोरं, जेरी सिगेल आणि जो शस्टर. १९३३ पासून नायक डोक्यात. वर्तमानपत्रांच्या सिंडिकेटांनी तो नाकारलेला. १९३८ साली एका प्रकाशकाने घेतला.

"कितीला दिला?"

"एकशेतीस डॉलरला."

"मुदत?"

"मुदत नाही, तात्या. कायमचा."

ते काही बोलले नाहीत. मी पुढचं सांगितलं. दोघं कोर्टात गेले, तिथे मालकी मिळाली नाही. नंतर १९७४ साली सिनेमाचे हक्क विकले गेले, मोठ्या खर्चाचा सिनेमा येणार अशी बातमी आली. तेव्हा सिगेल तुटपुंज्या पगारावर कारकुनी करत होते आणि शस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सिगेल यांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, चित्रकारांनी बाजू घेतली, आणि १९७५ च्या डिसेंबरात वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव द्यायचं कबूल केलं. १९७८ च्या सिनेमात ते नाव लागलं.

तात्या म्हणाले, "इतर हक्कात नाव लागलं म्हणायचं." ज्याने सातबारा वाचलाय त्याला यातलं सगळं कळेल. कब्जेदाराचा रकाना वेगळा, इतर हक्कांचा वेगळा. बॅटमॅन घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या बिल फिंगर यांना तर तेवढंही जिवंतपणी मिळालं नाही. ते १९७४ साली वारले. त्यांचं नाव अधिकृतपणे लागलं २०१५ साली.

मला या सगळ्यात राग येतो तो कंपन्यांच्या नफ्याचा नाही. पैसे घालणाऱ्याने पैसे मिळवावेत. राग येतो तो दुसरं वाचन न झाल्याचा. कागद समोर ठेवताना त्या पोरांना कोणी ओळीओळीला थांबून विचारलं असतं, की बाबांनो काय समजलं, तर सुपरमॅन उडाला असताच; फक्त त्याच्याबरोबर ते दोघंही म्हातारपणी सुखाने जगले असते.

एक काम मला इथे लिहायलाच हवं. भीमाकाठच्या, दौंड तालुक्यातल्या एका गावचा चित्रकार माझ्याकडे आला. दिवसा शाळांच्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याने मुलांच्या एका अंकासाठी मुखवटा घालणाऱ्या पैलवानाची चित्रकथा काढली होती: रात्री वाळूउपशाच्या ट्रका अडवणारा पैलवान. मुंबईच्या एका निर्मात्याच्या ती नजरेला पडली. पण अंक काढणाऱ्याचं म्हणणं, सगळे हक्क आपले. पुरावा म्हणून त्याच्याकडे पावती होती. तिच्यावर एकच ओळ: वरील चित्रकथा सर्व हक्कांसह दिली, मानधन पोचले. खाली सही आणि तारीख.

चित्रकार खचला होता. ‘सर्व हक्क’ हे दोन शब्द वाचूनच त्याने आशा सोडलेली. मी पावती तात्यांच्या पद्धतीने वाचली, आधी जे लिहिलंय ते, मग जे लिहिलेलं नाही ते. मुदत नव्हती. तारखेपासून पाच वर्षं उलटून वर दोन महिने झाले होते. हक्क परत आले होते आणि ज्याचे होते त्यालाच ठाऊक नव्हतं. आम्ही नोटीस पाठवली, थोडा पत्रव्यवहार झाला, समोरच्या वकिलाला कलम माहीत होतं. वाद कोर्टापर्यंत गेला नाही.

निर्मात्याशी करार करायची वेळ आली तेव्हा मी त्याच्या घरी गेले. ओसरीत सतरंजीवर बसून मसुदा वाचला. एकदा सरळ, एकदा थांबून. चित्रकाराने मधेच विचारलं, "मॅडम, हे लोक नाव बदलून माझाच पैलवान दुसऱ्या कुणाच्या नावावर काढतील का?" मी सांगितलं, नुसती कल्पना कोणाच्या मालकीची नसते, सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात १९७८ सालीच ते सांगून टाकलंय. मुखवटेवाला पैलवान उद्या कोणीही काढेल. पण तुझ्या पैलवानाचा चेहरा, त्याची गोष्ट, त्याची बोली तुझी. मग त्याने विचारलं, "आणि विकल्यावर त्याला दारू पिताना दाखवला तर?" त्याच्या पैलवानाला दारूचा तिटकारा. मी त्याला मन्नू भंडारींची हकिकत सांगितली. त्यांच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवर सिनेमा झाला तेव्हा आपल्या कृतीची मोडतोड झाली म्हणून त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि हक्क विकले तरी कृतीचा विपर्यास रोखण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो, हे सांगणारं कलम ५७ त्या निकालाने ठसठशीत झालं. तरीही आम्ही दारूची ओळ करारात घातली. लिहिलेलं बरं.

शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आईने इतका वेळ एक शब्द काढला नव्हता. सही व्हायच्या आधी तिने विचारलं, "म्हंजी पैलवान आपलाच ऱ्हातो न्हवं?" मी म्हटलं, "हो आजी. दोन वर्षांसाठी त्यांना दिलाय. सिनेमा नाही काढला तर घरी." दोन वर्षांत सिनेमा निघाला नाही. निर्मात्याचे पैसे उभे राहिले नाहीत, त्यात त्याचा काही दोष नाही. इसाराची रक्कम चित्रकाराकडे राहिली, पैलवानही राहिला. त्याने आता पुढचे भाग काढलेत.

मराठीत या धंद्याला अजून फार मोठं रान मिळालेलं नाही, पण जे झालंय ते मला मोलाचं वाटतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला, शिरूर-दौंडच्या घराघरांत सकाळी पेपर आला की पोरं आधी तो बघायची. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याला पडद्यावर आणलं, पुढच्या वर्षी दुसरा भागही आला. आणि २०१७ साली फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आमच्याच पुणे-दौंड लाइनच्या वाटेवरचा. दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला होता. सिनेमात अमेय वाघने केला, आदित्य सरपोतदारांचं दिग्दर्शन. या दोन्ही सिनेमांच्या करारांशी माझा काही संबंध नाही. मी साधी प्रेक्षक.

फास्टर फेणे बघायला मी मामांना घेऊन गेले होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, कान कमी झालेले. आयुष्यभर चाकांचे आवाज ऐकलेले ते कान. सिनेमात दिलीप प्रभावळकर भागवतांची भूमिका करतात. ज्याने फेणे लिहिला तोच माणूस फेणेच्या गोष्टीत वावरतो. मी मामांच्या कानाशी लागून सांगितलं, की हे खरे लेखक होते, २००१ साली वारले. मामा पडद्याकडे बघत म्हणाले, "लेखकाला आत घेतला, हे चांगलं केलं." कॉमिक कधी न वाचलेल्या माणसाने, वेताळाच्या पानावर लेखकाचा रकाना शोधणाऱ्या तात्यांचंच बोलणं पुढे नेलं होतं. ते दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते.

तात्यांचा मुलगा आता टेबल चालवत नाही. दस्त संगणकावर होतात, अंगठा यंत्रावर लागतो. दौंडला गाड्यांना इंजिन फिरवायला थांबावं लागू नये म्हणून बगल लाइन झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही, सोय झाली. मी माझ्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला मात्र कागद दोनदा वाचून दाखवते. जुनियर मुलं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. त्यांना मी सांगते, ही रीत माझी नाही, शिरूरची आहे, आणि ती मोडायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

शिरूर, दौंड, न्हावरा, केडगाव, पाटस, कुठेही राहून जी मुलं-मुली आज चित्रकथा काढतात, गोष्टी लिहितात, मोबाइलवर नायक घडवतात, त्यांना माझी विनंती आहे. नायक दिलात तर किती वर्षांसाठी, कुठल्या माध्यमासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी दिला, हे सही करण्याआधी लिहून घ्या. आणि तुमच्या घरात, वडिलांच्या किंवा आजोबांच्या पेटीत, ‘सर्व हक्कांसह’ असं लिहिलेली एखादी जुनी पावती असेल, तर ती काढा आणि जाणत्या वकिलाला दाखवा. ती १९९५ नंतरची असेल, तिला पाच वर्षं उलटून गेली असतील आणि तिच्यावर मुदत लिहिलेली नसेल, तर त्यातलं बरंचसं बहुतेक तुमच्याकडे परत आलेलं आहे.